छोट्या स्केलचं सायफाय सैन्य: रंगाची बाटली उघडायच्या आधी

सहा-आठ मिलिमीटर स्केलचं सायफाय सैन्य कन्व्हर्ट करून (म्हणजे हात, शस्त्रं, चिलखत बदलून) रंगवायला घेणार असाल तर रंग सध्या कपाटातच राहू द्या, आधी तयारी. मी बोलतोय ते एपिक, अडेप्टस टायटॅनिकस, लीजन्स इम्पिरिआलिस या टेबलावर छोट्या मॉडेलनी खेळायच्या युद्धखेळांबद्दल, जिथे शिपाई तांदळाच्या दाण्याएवढा असतो. नेहमीच्या मोठ्या, 28 मिलिमीटरच्या मॉडेलवर शिकलेल्या सवयी इथे निम्म्याच चालतात. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे परत परत सांगणार आहे: मिनिएचर, म्हणजे ते छोटं मॉडेल, दोनदा धुवायचं. बॉक्समधून काढल्यावर एकदा, आणि कापाकापी, कानस, पुट्टी सगळं झाल्यावर, प्रायमरच्या (रंगाखालच्या पहिल्या थराच्या) आधी, दुसऱ्यांदा.

निपर, चिमटा, कटिंग मॅट असेलच तुमच्याकडे. सुरीचं पातं मात्र नवं लावा, अकरा नंबरचं, कारण बोथट पात्याला जोर लावावा लागतो, मग ते सटकतं, आणि इतका बारीक तुकडा चिमटीत धरलेला असतो म्हणजे सटकलं की बोटातच. पिन वाइस (हाताने फिरवायचं छोटं ड्रिल) हवा, सोबत 0.5 आणि 1 मिलिमीटरची बिट्स, आणि 0.5 ची जास्तीची घेऊन ठेवा, ती मोडतातच. डोक्याला लावायचं भिंग घ्या. नजर कितीही चांगली असली तरी घ्या, साच्याची रेघ भिंगाशिवाय दिसत नाही आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) टाकला की तीच आधी दिसते.

मग तुकडा कशाचा आहे ते ओळखा, सगळं त्यावर ठरतं. प्लॅस्टिक असेल तर प्लॅस्टिक सिमेंट, ते दोन्ही बाजू विरघळवून एकजीव करतं. रेझिन किंवा धातू असेल तर सिमेंटचा काही उपयोग नाही, तिथे फेविक्विकच. तेसुद्धा थेट ट्यूबमधून नको, दाभणाच्या किंवा सुईच्या टोकावर थेंब घेऊन लावा. नव्वदच्या आसपासची जुनी धातूची मिनिएचर हाताशी लागली असतील तर त्यांत शिसं असू शकतं, कानस मारताना खाली कागद अंथरा, हात धुवा, पोरांना लांब ठेवा. रेझिन कोरडं घासायचं नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जाते, यात चालढकल नको. आणि जुनं-नवं एकाच बेसवर (शिपायांखालच्या तळावर) बसवू नका. 1988-89 चं सैन्य सहा मिलिमीटरच्या हिशोबाचं, 2018 चा टायटॅनिकस आणि 2023 चं लीजन्स आठच्या, शेजारी उभे केले की जुना शिपाई खांद्यालाच लागतो.

पहिली धुणी: कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, जुना मऊ टूथब्रश. रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, धातूवर पावडर असते. हे सगळे करतात, माहीतही असतं सगळ्यांना. चहाच्या गाळणीत धरून धुवा म्हणजे बारीक हात-तोफा सिंकमधून जाणार नाहीत. रेझिनची तोफ वाकडी आली असेल तर याच वेळी गरम पाण्यात बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. कपड्याने पुसू नका, धागे राहतात.

आता कन्व्हर्जन. कापायच्या आधी ब्लूटॅकने (परत काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) सगळे तुकडे तात्पुरते उभे करून बघा. टायटनचा (या खेळांतल्या महाकाय यंत्रमानवाचा) हात बदलायचा असेल तर कमरेतून वळवल्यावर तोफ पायाला आपटते का, बेसच्या बाहेर किती जाते, शेजारचा टायटन उभा राहू शकतो का, हे टेबलावर ठेवून बघा, कारण शेवटी खेळायचं आहे. हात अदलाबदलीचे ठेवायचे असतील तर 2 बाय 1 मिलिमीटरची चुंबकं, आणि प्रत्येक चुंबकाच्या एकाच तोंडावर मार्करचा ठिपका, चिकटवायच्या आधी. सुटे भाग लांबून मागवायची गरज नाही. गिटारच्या गुंडाळलेल्या तारेच्या आरमर्ड केबल होतात, बोथट सिरिंजच्या सुईच्या तोफेच्या नळ्या होतात, टूथब्रशचा एक केस म्हणजे रणगाड्याची अँटेना. सुई हॅकसॉने नाही, कानशीने गोल फिरवत चीर पाडून तोडा, नाहीतर तोंड दबतं. अर्ध्या मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट चिलखताला पुरते, त्याहून जाड या स्केलला भिंतीसारखी दिसते. धातूचा किंवा रेझिनचा जड हात नुसत्या गोंदावर ठेवू नका, आत पितळी तारेची पिन घाला.

ग्रीन स्टफची (दोन भाग एकत्र मळायच्या हिरव्या पुट्टीची) निळी-पिवळी पट्टी शेजारी-शेजारी चिकटून येत असेल तर मधली शिवण कापून टाका, तिथे ते आधीच कडक झालेलं असतं आणि मळल्यावर खडे लागतात. निळं जास्त घेतलं तर कडक, पिवळं जास्त तर चिकट आणि लवचीक. तास-दीड तास काम करता येतं, पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या. खडकाळ बेस, मोठी भोकं भरायला एम-सील चालतं आणि स्वस्त पडतं, पण त्यात बारीक कोरीवकाम उठत नाही. पुट्टी हत्याराला चिकटू नये म्हणून पाणी लावा किंवा व्हॅसलीन. व्हॅसलीनने काम जास्त गुळगुळीत होतं, मीही तेच वापरतो.

आणि तेच व्हॅसलीन तिथेच राहतं. म्हणून दुसरी धुणी.

मागच्या वेळी हीच राहिली. वॉर्लॉर्ड टायटनच्या खांद्यावर पुट्टीची नवी चिलखतं चढवली होती, प्रायमर व्यवस्थित बसला, दोन रंग झाले, पट्टे मारायला मास्किंग टेप लावली, आणि टेप काढताना खांद्याचा अख्खा रंग प्रायमरसकट पापुद्र्यासारखा तिच्याबरोबर वर आला. खाली हिरवी पुट्टी, चकचकीत, त्यावर अंगठ्याच्या रेघा जशाच्या तशा. प्लॅस्टिकच्या भागावर ओरखडासुद्धा नव्हता. पहिली धुणी चोख झाली होती, पण ती पुट्टीच्या आधीची, तिचा या खांद्याला काय उपयोग?

आणि नुसत्या व्हॅसलीनपुरतं नाही. कानशीची धूळ फटींमध्ये बसते, तळव्याचा घाम आणि तेल प्रत्येक वेळी हातात घेतल्यावर लागतं, आणि कन्व्हर्जन म्हणजे तुकडा शंभरदा हातात घेणंच. 28 मिलिमीटरच्या चेहऱ्यावर धुळीचा कण खपून जातो, इथे त्या कणाएवढंच डोकं असतं. तेव्हा पुट्टीला पूर्ण दिवस कडक होऊ द्या, मग कोमटच पाणी, गरम नको, फेविक्विकचे जोड कमजोर होतात, तोच साबण, मऊ ब्रश, पुट्टीवर गोल-गोल हलक्या हाताने, स्वच्छ पाण्यातून काढा, सांध्यांत अडकलेलं पाणी फुंकणीने उडवा, रात्रभर वाळू द्या. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बाटलीच्या बुचावर ब्लूटॅकने बसवा, शिपाई आइस्क्रीमच्या काड्यांवर एकेका थेंबाने ओळीत चिकटवा, आणि हे चिकटवणं धुतल्यानंतर, आधी नाही. पुट्टी वापरलीच नाही, नुसता हात बदलला? तरी धुवा. घाईत आहात? प्रायमर उद्या मारा, पण धुवा.

प्रायमरचं हवेवर आहे. मुंबई-ठाणे-कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रे कॅनच्या नादी लागू नका, दमट हवेत थर पांढुरका किंवा खरखरीत होतो. तेव्हा ब्रशने किंवा एअरब्रशने लावायचा प्रायमर वापरा आणि त्याला एक दिवस द्या. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उलट, भर दुपारी स्प्रे हवेतच वाळून वाळूसारखा बसतो, सकाळी लवकर मारा. अंतर 20 ते 30 सेंटिमीटर, पातळ थर, दोन-तीनदा. हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा प्रायमर धातूवर चांगला बसतो, पण काही प्लॅस्टिक वितळवतात, आधी स्प्रूच्या (भाग जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर मारून बघा. काळा प्रायमर या स्केलला टाळा, राखाडी किंवा पांढरा घ्या.

रंगांचं थोडक्यात: तुम्हाला हवा त्याहून एक-दोन छटा उजळ रंग काढून ठेवा, लहान वस्तू लांबून काळपट दिसते आणि वॉश अजून काळवंडवतो. ब्रश एक किंवा शून्य नंबरचा, टोक शाबूत असलेला, तीन शून्यवाला नको, त्यावरचा रंग मिनिएचरपर्यंत पोचायच्या आत वाळतो. पाण्याची दोन भांडी, मेटॅलिकचं वेगळं. आधी एकच काडी पूर्ण रंगवून बघा, रंगसंगती पटली की बाकीच्या.

बेसचा रंग सैन्याच्या उलट निवडा, गडद सैन्याला फिकी माती. वाळू चाळून बारीकच, जाड कण म्हणजे इथे दरड. डीकॅलखाली (चिकटवायच्या छापील चिन्हांखाली) ग्लॉस वार्निश, वर मॅट. मॅट वार्निशच्या स्प्रेलाही पावसाळ्याचा तोच नियम, आधी एका शिपायावर. बेसखाली चुंबक आणि डब्यात पत्रा, बास.