जुन्या घराची भिंत घरीच दुरुस्त करताय? आधी पाणी शोधा

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मागच्या खोलीत तीन दिवाळ्या लागोपाठ पुट्टी मारली, आणि तिन्ही वेळा उन्हाळा संपेस्तोवर पोपडे खाली. भिंत आजोबांच्या वेळची, वीट आणि चुना. पुट्टीला शिव्या घातल्या पण दोष खिडकीतल्या कूलरचा होता, टाकी भरून वाहिली की पाणी गुपचूप भिंतीत.

म्हणून थापी हातात घ्यायच्या आधी हे करा. भिंत झाडून त्यावर हातभर पारदर्शक पन्नी चारही बाजूंनी टेपनं चिकटवा, दोन दिवस ठेवा. थेंब पन्नीच्या मागं आले तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूनं आले तर खोलीतल्या हवेतली. तेवढे दोन दिवस कूलर बंद, हो, मे महिन्यात, काय करता.

पाण्याचा बंदोबस्त झाला की फोडाफोडी. खोली रिकामी करा, दाराला ओली चादर लावा, मेन स्विच बंद, कारण जुन्या घरात वायर कुठून गेली ते कोणालाच माहीत नसते. जुना ऑइल पेंट सुका घासू नका, त्यात शिसं असू शकते (शिशाची 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा भारतात 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही), पाणी लावूनच घासा, मास्क घाला, लेकरं बाहेर. ओलीच्या डागाच्या वर फूटभर चांगलं दिसणारं प्लास्टरही काढा, सांध्यातला भुसभुशीत चुना बोटभर खरवडा. पांढरा लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले क्षार, मात्र सुक्या ब्रशनंच झाडायचा, धुतला की क्षार परत विटेत.

आता मिस्त्री म्हणेल, भाऊ सिमेंट मारून टाकू, विषय संपला. नाही संपत. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, मग ती वर चढते अन् पुढच्या वर्षी खिडकीच्या वर पोपडे. चुन्याच्या भिंतीला चुनाच, एक भाग चुना, तीन भाग चाळलेली रेती. कळीचा (न विझवलेला) चुना विझवायचा तर पाण्यात चुना थोडाथोडा टाकायचा, उलटं कधीच नाही, डोळ्याला चष्मा, आणि भांडं लोखंडी. मी प्लास्टिकची बादली घेतली, पाणी असं उकळलं की बादलीचं बूड मऊ होऊन बसलं, आई म्हणे चुना विझवून राहिला का घर जाळून राहिला! विझवलेला चुना तसाच पंधरा दिवस भिजू द्यावा.

भिंत ओली करून एक थर, जास्तीत जास्त 10-12 मिलिमीटर, तो घट्ट झाला की दुसरा. इथल्या उन्हात प्लास्टर तासाभरात सुकून फाटते, म्हणून संध्याकाळी लावा आणि आठवडाभर ओली पोती टांगून ठेवा. वरून चुन्याची सफेदीच, ऑइल पेंट नको.

दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, किंवा लाकडी तुळईत स्क्रू-ड्रायव्हर सहज घुसत असेल, तर थापी ठेवा अन् इंजिनिअरला बोलवा.

आमचा कूलर आता लोखंडी स्टँडवर, भिंतीपासून वीतभर लांब, पाइप मागच्या पेरूला सोडलाय.