सुगंधी सेंद्रिय पांढऱ्या वाइनसाठी मराठवाड्यातली जमीन

जमिनीतल्या दगडाचा वास वाइनला येतो, हा समज सोडून द्यावा. सुगंध मण्यात तयार होतो. मस्कत या सुगंधी वाणाचा तर बराचसा सालीत आणि सालीलगतच्या गरात असतो. वेलीला पाणी कधी आणि किती मिळणार, ती किती फोफावणार, रसात पोटॅश किती उतरणार, हे मात्र जमीनच ठरवते. फ्रान्सच्या अल्सासमध्ये ग्रॅनाइट, चुनखडी आणि मार्लच्या (चुना मिसळलेल्या चिकणमातीच्या) जमिनी एकमेकींना खेटून आहेत, म्हणून तिथे जमीन बघून वाण लावता येतो. आपल्याकडे बहुतेक सगळा बेसॉल्टच. त्यामुळे वरची काळी, मधली चुनखडी आणि खालचा मुरूम यांची खोली बघून प्लॉट निवडायचा.

त्यासाठी उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. वर 30 ते 45 सेंमी काळी माती आणि खाली हाताने फुटणारा पिवळसर मुरूम दिसला, तर जागा उत्तम. मीटरभर काळीच असेल तर सुगंधी वाण लावू नये. ही माती परतीच्या पावसात वाफशावर येत नाही, शेंडे थांबत नाहीत, कॅनॉपी (वेलीचा पानोळा) दाटते आणि केवडा हा बुरशीचा रोग शिरतो. पांढऱ्या खड्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर चुना जास्त आहे. अशा जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तिथे कलमासाठी 110 आर किंवा 140 आरयू खुंट लावा. बोअरचं पाणीही तपासून घ्या. त्यात सोडियम जास्त असेल तर काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते. जिप्सम टाकायचं ते अहवाल पाहूनच.

सर्वात जास्त दुर्लक्ष पोटॅशकडे होतं. काळ्या जमिनीत तो मुळातच भरपूर असतो. त्यात राख, मळीचं खत आणि बेसुमार शेणखताची भर पडते. जादा पोटॅश रसातल्या टार्टरिक आम्लाला धरून खाली बसतो, पीएच चढतो आणि वाइन सपक लागते. पीएच 3.2 असताना वाइन टिकवायला लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडने भागतं, 3.6 ला त्याच कामासाठी 50 लागतात. युरोपात सेंद्रिय कोरड्या पांढऱ्या वाइनला त्याची एकूण मर्यादा लिटरला 150 मिलिग्रॅम आहे. म्हणजे खताची चूक शेवटी टाकीत अडचण करते. पानांच्या देठांचं परीक्षण केल्याशिवाय पोटॅशचं काहीही देऊ नका. नत्रासाठी जूनमध्ये ओळींच्या मधे ताग पेरा आणि फुलावर येताच कापून तिथेच पसरा. रसात वापरता येण्याजोगा नत्र लिटरला 150 मिलिग्रॅमच्या खाली गेला, की आंबवण रेंगाळतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो.

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) ऑक्टोबरअखेर नेली तर मणी मार्चच्या उन्हात पिकतात, आम्ल उतरतं आणि सुगंध उडतो. सप्टेंबरात छाटावं तर पाऊस आणि केवडा. आमचं मत सप्टेंबरअखेरच्या बाजूने आहे, पण केवड्यासाठीच्या बोर्डोचा (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणाचा) हिशेब ठेवूनच. एक टक्का बोर्डो एकरी 400 लिटर फवारला, की 4 किलो मोरचूद, म्हणजे 1 किलो तांबं पडतं. युरोपची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे एकरी वर्षाला सरासरी 1.6 किलो. म्हणून अर्धा टक्काच वापरा. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी चुन्याची निवळी वाढवा. तांबं सॉव्हिन्यो ब्लाँ या वाणाचा सुगंधही मारतं, त्यामुळे मण्यांत पाणी भरू लागलं की बोर्डो बंद. भुरी या बुरशीच्या रोगासाठीचं गंधकही काढणीच्या पाच आठवडे आधी थांबवा.

पानं विरळ करायची ती फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूची. दुपारचं ऊन घडावर पडू देऊ नका.

सॉव्हिन्यो ब्लाँ 20 ते 22 ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) आणि पीएच 3.2 ते 3.4 ला काढा. मस्कतची साल चावून बघा. वास तोंडात रेंगाळला पाहिजे. उजाडायच्या आत तोडून उथळ क्रेटमधून माल थेट परवानाधारक वायनरीत पोचवा. तिथे 100 किलो द्राक्षांना 5 ते 6 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकतात. मस्कतचा रस सालीसोबत 10 अंशांवर चार-सहा तास ठेवता येतो, पण पीएच 3.5 च्या वर असेल तर हे टाळावं, कारण सालीतून आणखी पोटॅश उतरतो. गाळ बसवून नितळ रस 14 ते 16 अंशांवर आंबवा. टाकी 20 च्या वर गेली तर निघणाऱ्या वायूबरोबर सुगंधही जातो.