रस्त्याकडेचा रायवळ आंबा जपायचाय? मग या चुका टाळा

कोकणात रस्त्याच्या कडेला जे रायवळ आंबे दिसतात ना, त्यातले कितीतरी कुणी मुद्दाम लावलेलेच नाहीत. कुणीतरी बैलगाडीतून जाताना, नंतरच्या काळात एसटीच्या खिडकीतून, आंबा चोखून बाठा भिरकावला, तो पालापाचोळ्यात पडला, जूनच्या पावसात रुजला आणि गुरांच्या तोंडातून वाचला तो वाचला. थंड मुलखात सफरचंदाचं हेच होतं, खाऊन टाकलेल्या गाभ्यातल्या बिया रस्त्याकडेला रुजतात आणि प्रत्येक झाडाचं फळ वेगळं निघतं. बाजारात ते हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळतं ना, तेसुद्धा सिडनीजवळ मारिया अॅन स्मिथ यांच्याकडे आपोआप उगवलेल्या रोपाचंच, १८६८ च्या सुमारास.

आमच्या वाडीच्या वळणावर असा एक आंबा होता. फळ मुठीएवढं, रस पातळ, केशरी, आणि चोखताना बडीशेपेसारखा वास यायचा. रस्ता रुंद करताना तो गेला. तोडणार हे आधी कळलं होतं, म्हणून आम्ही त्याचे चांगले पंधरा-वीस बाठे लावून ठेवले आणि निर्धास्त झालो. नऊ वर्षांनी त्यातल्या दोन झाडांना फळ धरलं, एकाचं आंबट ढाण आणि दुसऱ्याचं नुसता दोरा, दातात अडकणारा. तो वास कशातच नाही. हे अजून लागतं मनाला, म्हणून लिहितोय.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, बाठा लावला की तोच आंबा मिळेल असं धरून चालणं. मोहोरावर माश्या बसतात त्या शेजारच्या दुसऱ्याच आंब्याचा पराग घेऊन येतात, त्यामुळे बाठ्यातलं रोप आईवर जाईल याचा भरवसा नाही. हापूसचंही तेच, हापूसच्या बाठ्यातनं हापूस येत नाही. एक अपवाद आहे पण. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काही आंबे असे आहेत की एका बाठ्यातनं दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बरेचसे हुबेहूब आईसारखे असतात. असं दिसलं तर सगळे कोंब हळूच वेगळे करून वाढवा, जोमदार असतील ते आधी, मरतुकडा एखादा असेल त्याच्यावर फार आशा ठेवू नका.

बाकी झाड टिकवायचं असेल तर कलमच, म्हणजे त्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची. बाठे लागतात ते खुंटासाठी, म्हणजे ज्यावर काडी बांधायची त्या खालच्या रोपासाठी, कुठल्याही रायवळाचे चालतात. पण इथे लोक काय करतात, बाठे धुऊन कडक उन्हात वाळवतात आणि पडवीत पोत्यात भरून ठेवतात, पाऊस नीट लागला की लावू म्हणून. आंब्याचं बी भातासारखं साठवायचं नसतं, वाळलं की मेलं. खाल्ल्यावर धुवा, सावलीत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत लावा. पाण्यात टाकून बघा, तरंगतात ते काढून टाका, आत बहुतेक भुंग्याने खाल्लेलं असतं. बाठ्याची फुगीर कड वर ठेवा, उलटं लावलं तर मूळ वळसा घेतं आणि रोप वाकडं निघतं.

कोय कलम, म्हणजे बाठ्यातनं नुकत्याच आलेल्या कोवळ्या रोपावरचं कलम, बांधायचं ते जुलै-ऑगस्टात, हवेत ओल असते तेव्हा. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच घ्यायचं. पोपटी झाली, हिरवी झाली की लोक म्हणतात आता रोप मजबूत झालं, पण तोवर कोय कलमाची वेळ गेलेली असते. काडी साधारण तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, शेंड्याचा डोळा फुगलेला पण उघडलेला नाही अशी. आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं देठ ठेवून कापायची, म्हणजे डोळा भरतो. सावलीतली लुकडी फांदी किंवा नवी लालसर पालवी घेतली तर कलम जगत नाही. काडी कापली की ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी बांधा, गाडीच्या डिकीत दुपारभर पडली तर विसरा.

आणि झाड मे महिन्यातच हेरून ठेवा हो! जुलैत फळ नसतं, सगळे आंबे सारखेच दिसतात आणि भलत्याच झाडाची काडी येते. फोटो काढा, किलोमीटरचा दगड लिहून ठेवा. झाड कुणाच्या मालकीचं आहे ते विचारा, रस्त्याकडेचं म्हणजे बेवारस असं नसतं, बऱ्याचदा घरवाले त्याच्या बिटक्या रायत्याला दरवर्षी नेतात.

चव ठरवतानाही घाई नको. पाडाला आलेला आंबा अढीत पिकवून खा, निदान दोन हंगाम खा. वळीव पडून गेल्यावर खाल्लेल्या पाणचट, अळी लागलेल्या फळावरून कुठल्याही झाडाला नावं ठेवू नका.

कलम लावताना वर विजेची तार नको, आणि परत रस्त्याच्या हद्दीत तर नकोच नको, घरामागे लावा, दहा मीटर मोकळं सोडा. जोडाखाली फुटणारे कोंब खुडत राहा, नाहीतर खुंटच वर जातो आणि वर्षानुवर्षं भलतंच झाड सांभाळलं जातं.

मुंबईहून येणारे भाचे-पुतणे सफरचंदाच्या बिया आणून देतात, त्याचंही सांगतो. फ्रिजमध्ये ओल्या कागदात दोन-तीन महिने ठेवल्या तर रुजतात, रोप होतं, पण फळाला जी थंडी लागते ती आपल्याकडे पडतच नाही. मुलांना गंमत म्हणून करू द्या, जागा मात्र आंब्याला द्या.

रस्त्याचं काम येणार असेल तर खोडावर रंगाने नंबर पडतात. नंबर दिसला की पावसाळ्याची वाट बघत बसू नका, कलम बांधणाऱ्याला तेव्हाच फोन करा आणि त्याला झाडापाशी घेऊन जा. काड्या तयार असतील तर तो उन्हाळ्यातही सावलीत, ओल राखून बांधून बघू शकतो, चार-पाच नाही, निदान वीस बांधायला सांगा.