सिंपल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स? आधी क्रियापदं मोजा

इंग्रजी वाक्याचा प्रकार ओळखताना त्याच्या लांबीवर जाऊ नका. कर्त्याबरोबर काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. जितकी क्रियापदं तितके क्लॉज (उपवाक्यं), असा ढोबळ हिशेब. क्लॉज एकच असेल तर सिंपल, बरोबरीचे क्लॉज जोडले असतील तर कंपाउंड, एक दुसऱ्यावर अवलंबून असेल तर कॉम्प्लेक्स. ‘टू गो’ किंवा नुसतं ‘गोइंग’ धरायचं नाही. ‘हॅज बीन वेटिंग’ हे तिन्ही मिळून एकच.

आता हे पाहा. ‘बिकॉज ऑफ द रेन, वी स्टेड होम’ : क्रियापद एकच, म्हणून सिंपल. ‘बिकॉज’ दिसलं की कॉम्प्लेक्स लिहून मोकळं होणारे इथेच मार्क घालवतात. ‘बिकॉज इट रेन्ड, वी स्टेड होम’ हे मात्र कॉम्प्लेक्स. आणि ‘इट रेन्ड, सो वी स्टेड होम’ कंपाउंड.

शेवटच्या दोहोंत गोंधळ होत असेल, तर जोडशब्दासकट तो क्लॉज उचलून दुसऱ्या टोकाला ठेवून बघा. ‘वी स्टेड होम बिकॉज इट रेन्ड’ चालतं. ‘सो वी स्टेड होम, इट रेन्ड’ कानालाच खटकतं. ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असे जागेवरून हलत नाहीत.

एक छुपा प्रकार : ‘आय नो ही लाइड’. जोडशब्द दिसत नाही, कारण ‘दॅट’ गाळलाय. क्रियापदं दोन, वाक्य कॉम्प्लेक्स.