कापडी विमानाचा रंग निवडताना या चुका टाळा

कोथरूडच्या एका मित्राने जुनं दोन आसनी कापडी विमान नव्याने मढवायला घेतलं. सांगाडा साफ झाला, पॉलिएस्टरचं कापड चढलं, रिबवरची, म्हणजे पंखाच्या फासळ्यांवरची, शिलाई झाली. या सगळ्याला दीड वर्ष लागलं. रंग मात्र एका संध्याकाळी ठरला. वहिनींच्या पैठणीचा मरून, काठाला सोनेरी. दिसायला झकासच दिसलं असतं, पण मी मोडता घातला. त्याचं कारण आणि अशा कामांत वारंवार दिसणाऱ्या बाकीच्या चुका इथे लिहितोय.

पहिली चूक रंगाला केवळ शोभा समजण्याची. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या लिननवर पीसी १० नावाचा मळकट खाकी थर द्यायचे. शत्रूच्या नजरेपासून विमान लपवणं हा त्याचा एक उपयोग होता, पण उन्हाने कापड कुजू नये हे त्याचं मोठं काम होतं. आजचं पॉलिएस्टर लिननपेक्षा कितीतरी टिकाऊ असलं तरी अतिनील किरणांपुढे तेही हार मानतं. म्हणूनच बहुतेक पद्धतींत वरच्या रंगाखाली ॲल्युमिनियमची पूड घातलेले चंदेरी हात देतात. वरचा रंग गडद आहे म्हणून चंदेरी हात कमी करणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका. काळोखात पंखाच्या आत बल्ब धरा आणि बाहेरून बघा. उजेड झिरपताना दिसला तर वरच्या रंगाचा विचार नंतर, आधी चंदेरी हात वाढवा.

आता मरूनकडे येऊ. गडद रंग उन्हात तापतो हे पुण्यात मे महिन्यात काळ्या गाडीच्या टपावर हात ठेवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कापड स्वतः त्या उष्णतेला दाद देत नाही. मढवताना ते इस्त्रीने १२० पासून पार १७५ अंशांच्या आसपासपर्यंत तापवूनच ताणलेलं असतं. पण कापड चिकटवायचा काही पद्धतींतला गोंद त्याच्या बराच आधी मऊ पडतो. शिवाय लाल रंग, विशेषतः स्वस्तातला, उन्हात विटून गुलाबीकडे झुकतो. विमान हँगरमध्ये राहणार असेल तर गडद रंग चालून जाईल. उघड्यावर बांधून ठेवणार असाल तर फिकटच घ्या.

याच्या उलट टोकाचीही एक समजूत आहे. हडपसरला उतरणारी पांढरीशुभ्र ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बघून लोक म्हणतात, ‘विमान पांढरंच हवं, नियम आहे.’ फायबरग्लासच्या ग्लायडरमधलं रेझिन तापून मऊ पडू नये म्हणून ती पांढरी ठेवतात. नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडाला ते बंधन नाही. पायपर कब हे छोटं कापडी विमान पिवळं धम्मक असतं आणि त्यावरचा विजेच्या आकाराचा काळा पट्टा जगभर ओळखला जातो.

पिवळ्यावरून वजनाचा विषय निघतो, आणि सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. पिवळा आणि लाल हे रंग झाकायला कच्चे. चंदेरीवर थेट मारले तर मळकट दिसतात, म्हणून मध्ये पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. तरीही मन भरत नाही, म्हणून आणखी एक हात. समजा, सुकल्यावर दर चौरस मीटरला ५० ग्रॅम जादा रंग बसला आणि विमानाचं कापड ५० चौरस मीटर आहे. झाले अडीच किलो. छोट्या इंजिनाच्या विमानाला तेवढेही जाणवतात. त्यातला शेपटीकडे बसलेला वाटा तर गुरुत्वमध्य मागे ढकलतो. रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन या विमान वळवणाऱ्या, वर-खाली नेणाऱ्या आणि कलवणाऱ्या हलत्या पृष्ठांवर बिजागरीच्या मागे रंग वाढला तर त्यांचा तोल बिघडतो आणि वेगात ते फडफडायला लागू शकतात. ही फडफड विमान मोडू शकते. म्हणून रंगकामानंतर विमान पुन्हा वजनकाट्यावर घ्या, या हलत्या पृष्ठांचा तोल तपासा आणि परवानाधारक इंजिनिअरच्या सहीने नोंद करून घ्या.

नाना पेठेत गाडीचा हवा तो रंग मिळतो, म्हणून तोच मारण्याचा मोह होतो. गाडीचा पत्रा हलत नाही. कापड मात्र प्रत्येक उड्डाणात थरथरतं, आणि त्यावर कडक रंग बसला की बारीक भेगा पडतात. कापड, गोंद, चंदेरी आणि वरचा रंग हे सगळं एकाच मान्य पद्धतीतलं घ्या. एकाचा थिनर आणि दुसऱ्याचा रंग असले प्रयोग नकोत.

चकचकीत आणि मेटॅलिकची हौस असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चकाकीत प्रत्येक टेपची कड आणि शिलाईची प्रत्येक गाठ उठून दिसते. आणि कापडी विमानाला ठिगळं लागणारच. चाकाने उडवलेला खडा असतो, कुणाचा तरी पाना हातातून निसटतो. साधा रंग ठिगळावर मिसळून जातो, मेटॅलिक सहसा जुळत नाही. मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवा आणि अर्धा लिटर बंद डब्यात जपा.

नोंदणीच्या अक्षरांचा विचार शेवटी करू नका. पंखावर ५० सेंटीमीटर आणि धडावर ३० सेंटीमीटर ही किमान उंची आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, आणि भारतीय नोंदणीची ‘व्हीटी’पासून सुरू होणारी अक्षरं पार्श्वभूमीतून ठळक उठून दिसायला हवीत. सोनेरीवर क्रीम अक्षरं लग्नपत्रिकेवर शोभतात.

आकाशात दिसण्याचंही बघा. खालून पाहिलं तर उजळ आकाशापुढे कुठलाही रंग काळपटच दिसतो. वरून मात्र फरक पडतो. लोणीकडचा ऊस बारा महिने हिरवा, दिवे घाट पावसाळा सोडला तर पिवळट तपकिरी. एकच रंग दोन्हीवर उठत नाही, म्हणून फिकट अंगावर पंखांची टोकं भडक ठेवलेली बरी.

मुहूर्तही चुकतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत डोपसारख्या (कापड ताणून घट्ट करणाऱ्या) लेपातला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, बाष्प धरतं आणि थर पांढुरका होतो. गडद रंगावर ते जास्तच दिसतं. मे महिन्यात फवाऱ्याचे थेंब हवेतच सुकतात आणि हात खरखरीत बसतो. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, फक्त सकाळचं दव उतरू द्या.

राहिलं शेडकार्ड. दोन इंचांच्या चौकोनावरून आठ-नऊ मीटर पंखाचा रंग ठरवू नका, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको. एक लाकडी चौकट घ्या. तिच्यावर तेच कापड ताणा, तेच सगळे हात द्या आणि ती महिनाभर गच्चीवर ठेवा. मित्राने एप्रिलमध्ये मरून आणि क्रीम अशा दोन चौकटी पापडांच्या वाळवणाशेजारी ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी पापड उलटताना मरूनला हात लावला आणि चटकन मागे घेतला. आता विमान क्रीम आहे. पैठणीचा मरून धडावरच्या चार बोटांच्या पट्ट्यात आहे. शेपटीला तो लावलेला नाही.