चामडे तासण्याच्या रापीची धार

पुस्तकांची चामडी बांधणी शिकू लागलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते: कडा तासताना चामडे ओढले जाते आणि नेमके दुमडीपाशी फाटते. दोष क्वचितच हाताचा असतो. रापी बोथट असते. रापीची एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती असते. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा; जितका मोठा तितका दगड बारीक) ओल्या दगडावर फक्त उतरती बाजू घासावी. कोन सुटतो की काय अशी शंका असल्यास उतारावर मार्करची शाई फासावी आणि दोन-चार हात मारून पाहावे. शाई धारेजवळ शिल्लक राहिली, तर रापीची मागची कड किंचित उचलावी लागते. पूर्ण लांबीभर सपाट बाजूकडे वळलेली बारीक खरखर बोटाला जाणवेपर्यंत थांबू नये. मग ४००० च्या दगडावर दोन्ही बाजू फिरवाव्यात, मात्र सपाट बाजू दगडाला पूर्ण टेकलेलीच हवी, कारण ती जराही उचलली तर रापी चामड्यावरून नुसती घसरते. शेवटी न्हाव्याकडे असतो तसल्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, वीसेक वेळा ओढावी.

विजेच्या चाकावर घाईने धार लावून आणण्याचा मोह टाळावा. पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते आणि धार टिकत नाही. शिकताना बकऱ्याच्या चामड्याचे तुकडेच घ्यावेत, आणि तेही काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून तासावेत.