वाळवंटी नदीची रुंदी मोजताना: हीला नदीवरचा अनुभव

पुण्यात भूशास्त्रात एमएस्सी करून मी ॲरिझोनात शिकायला गेलो, आणि प्रबंधासाठी हीला नदी वाट्याला आली. स्पेलिंग बघून आपण तिला 'गिला' म्हणतो, तिथली माणसं 'हीला' म्हणतात. सॅफर्ड गावाच्या खोऱ्यात तिचं पात्र गेल्या शतकात किती रुंदावलं आणि किती आक्रसलं, ते शोधायचं होतं. जुने-नवे हवाई फोटो घ्यायचे, काठ आखायचे आणि वजाबाकी करायची, एवढंच काम आहे असं वाटलं. पहिल्या दोन महिन्यांत मी तसंच केलं, आणि ते सगळं टाकून द्यावं लागलं.

कारण मी पाण्याची कड आखत होतो. वाळवंटी नदीत जूनमध्ये पाण्याची जेमतेम एक धार असते. हिवाळी पावसानंतर तीच नदी वाळूभर पसरते. अशा दोन दिवसांचे फोटो शेजारी ठेवले, तर हाती येतो त्या दोन दिवसांच्या विसर्गातला फरक. पात्र बदललं की नाही, ते त्यावरून कळत नाही. म्हणून आधी व्याख्या कागदावर लिहा: काठाचा उतार जिथे मोडतो आणि कायमची झाडी जिथून सुरू होते, ती कड. मधल्या बेटावर झाडं असतील तर ते पात्रात धरायचं की वगळायचं, हेही तेव्हाच ठरवा, आणि मग शेवटच्या फोटोपर्यंत तोच नियम पाळा.

याच खोऱ्यावर बर्कहॅम यांनी केलेला अभ्यास अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने 1972 मध्ये छापला. नवख्या माणसाने तो वाचावाच. 1875 मध्ये पात्राची सरासरी रुंदी 150 फुटांपेक्षा कमी होती, 1903 मध्ये 300 फुटांच्या आत. 1905 ते 1917 या काळात हिवाळ्यात मोठे पूर आले, वळणं पुसली गेली, पूरमैदानातली झाडी वाहून गेली आणि पात्र सुमारे 2000 फुटांवर गेलं. मग हळूहळू गाळ साचला, झाडी परत आली, आणि 1964 मध्ये रुंदी 200 फुटांच्याही खाली उतरली. 1965 ते 67 च्या पुरांनंतर, 1968 मध्ये ती पुन्हा 400 झाली.

आता समजा, तुमच्याकडे फक्त 1875 आणि 1964 चे आकडे आहेत. तुम्ही लिहाल, 'नव्वद वर्षांत फारसा बदल नाही'. 1917 आणि 1964 घेतलेत तर लिहाल, 'नदी आटत चालली'. आकडे दोन्हीकडे बरोबर, निष्कर्ष दोन्हीकडे चूक. ही नदी एका पुरात रुंदावते आणि आक्रसायला तिला अनेक दशकं लागतात. त्यामुळे दोन टोकांमधून सरळ रेषा ओढू नका. मोठ्या पुरांच्या तारखा आधी काढा, आणि प्रत्येक पुराच्या आधीचा व नंतरचा फोटो मिळवायला जिवाचं रान करा. मला ऑक्टोबर 1983 आणि जानेवारी 1993 च्या पुरांनी हेच शिकवलं.

फोटो नव्हते त्या काळासाठी जमीनमोजणीच्या वह्या आहेत. मोजणीदार साखळी घेऊन सरळ रेषेत चालत आणि नदी आडवी आली की तिची रुंदी साखळ्या-कड्यांत लिहीत. एक साखळी म्हणजे 66 फूट. पण ती रेषा नदीला तिरकी छेदत असेल तर आकडा फुगतो, म्हणून कोनाची दुरुस्ती करावीच लागते.

क्यूजीआयएस या नकाशे आखायच्या संगणकप्रणालीत मी पात्राचा बहुभुज आखून त्याच्या क्षेत्रफळाला मध्यरेषेच्या लांबीने भागायचो. ती त्या टप्प्याची सरासरी रुंदी. जुना फोटो नकाशावर बसवताना अख्खा थोडा सरकला, तर दोन्ही काठ बरोबरच सरकतात आणि रुंदीला फारसा धक्का लागत नाही. खरी चूक होते ती आपल्या हाताने, काठ ठरवताना. एकच टप्पा आठवड्याच्या अंतराने तीनदा आखा. तीन उत्तरांत जेवढा फरक, त्याहून लहान बदलावर बोलू नका. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमेतला एक ठिपका 30 मीटरचा असतो. साठ मीटरच्या पात्रात दोनच ठिपके मावतात, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नका.

भारतात राहून हे करायचं असेल तर लुणी नदी घ्या. अजमेरजवळून निघून ती कच्छच्या रणाकडे जाते, आणि 1979 चा पूर तिथे अजून लोकांच्या आठवणीत आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे आहेत. 1960 ते 72 मधल्या, आता खुल्या झालेल्या कोरोना हेरउपग्रहांच्या प्रतिमाही शोधा. काठावर मात्र वेड्या बाभळीची सावली तुम्हाला चकवेल.

हीलावर मला टॅमरिस्क या नदीकाठी माजणाऱ्या झुडपी झाडाने असंच चकवलं होतं. फोटोत दाट हिरवा पट्टा दिसला आणि मी तो जुना काठ धरला. प्रत्यक्ष तिथे गेल्यावर एका खोडाशेजारी खड्डा खणला. वाळू, मग बोटभर चिकणमाती, पुन्हा वाळू, असे थर लागत गेले. झाड जिथे रुजलं होतं ती पातळी कमरेएवढ्या खोलीवर सापडली. म्हणजे ते उघड्या वाळूपट्ट्यावर उगवलं होतं, आणि काठ त्याच्याभोवती नंतर, पुरागणिक, चढत गेला होता. परत येऊन मी त्या वळणावरची जुन्या फोटोंतली रेषा पुसली आणि पुन्हा आखली.